उलटी वाट आणि पोटातले पहारेकरी

पाळीचं सगळंच रक्त बाहेर पडत नाही. थोडं बीजवाहिन्यांतून उलटं फिरून पोटाच्या पोकळीत उतरतं. गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी याच वाटेनं जाऊन अंडाशयावर, आतड्यावर रुजतात, असं अमेरिकेतले डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली मांडलं. पण ही उलटी वाट तर बहुतेक स्त्रियांत असते, आणि अशा रुजण्याचा आजार, म्हणजे एंडोमेट्रिओसिस, होतो दहातल्या एखादीला. मग बाकीच्या नऊजणींच्या पोटात त्या पेशींचं होतं काय?

त्यांचा फडशा पाडला जातो. प्रतिकारयंत्रणेतल्या ‘नैसर्गिक मारक पेशी’ भलत्या जागी आलेल्या पेशी हेरून मारतात. रुग्णांच्या पोटातल्या द्रवात मात्र या पेशींचा मारा मंदावलेला आढळतो. सफाई करणाऱ्या मॅक्रोफेज पेशी तर उलट रुजलेल्या पेशींच्या गाठींना रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात, मज्जातंतूही आणून जोडतात. म्हणून या आजारातलं ते जीवघेणं दुखणं. तेव्हा ‘प्रतिकारशक्ती कमी’ म्हणून काढे पाजण्यात अर्थ नाही. इथं शक्ती आहे, ती भलत्याच कामाला लागली आहे.

का लागली, याचं निम्मं उत्तर जनुकांत असावं. आजाराच्या शक्यतेत बाईबाईगणिक जो फरक पडतो, त्यातला साधारण अर्धा आनुवंशिक असल्याचं जुळ्या बहिणींच्या अभ्यासांतून दिसतं. २०२३मध्ये साठ हजारांवर रुग्णांच्या तपासणीतून जनुकसंचातल्या ४२ जागा हाती लागल्या. एकच दोषी जनुक मात्र नाही, त्यामुळे जनुकचाचणीवरून निदान करता येत नाही. ब्रिटनमधल्या माहितीवरचा २०२५चा ऑक्सफर्डचा अभ्यास सांगतो, की या स्त्रियांना संधिवातासारखे प्रतिकारयंत्रणेचे काही आजार होण्याचा धोका ३० ते ८० टक्के जास्त असतो. त्यातल्या काही आजारांची आनुवंशिक मुळंही एंडोमेट्रिओसिसशी सामायिक आहेत.

मला सर्वांत आशादायक वाटतो तो ‘एनपीएसआर-१’ हा जनुक. दम्याच्या संदर्भात तो आधीच माहीत होता. घरातल्या अनेकजणींना हा आजार असलेली कुटुंबं आणि ऱ्हीसस माकडं, दोन्हींत त्याचा धागा २०२१मध्ये सापडला. त्याचं काम रोखणारं रसायन दिल्यावर उंदरांमधला दाह आणि वेदना कमी झाल्या. माणसांसाठी औषध अजून दूर आहे. पण अशा वेगळ्या वाटेची गरज आहे, कारण आजची बहुतेक संप्रेरक-औषधं गर्भधारणाच रोखतात. बाळ हवं असलेल्या बाईला ती घेता येत नाहीत, आणि दुखणं तर तिलाही असतंच.