'हात लावू नका' ही पाटीच नसलेलं संग्रहालय: लहान मुलांना तिथे नेताना काय लक्षात ठेवायचं?

संग्रहालय म्हटलं की काचेची कपाटं, आडवी बांधलेली दोरी आणि 'कृपया वस्तूंना हात लावू नये' ही पाटी डोळ्यासमोर येते. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी ही जागा म्हणजे शिक्षाच. पण काही संग्रहालयांमध्ये उलटं असतं. तिथे हात लावला नाही, तर काहीच घडत नाही.

ही कल्पना आली कुठून?

न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला १८९९ साली सुरू झालेलं संग्रहालय हे खास मुलांसाठीचं जगातलं पहिलं मानलं जातं. मात्र 'हात लावून बघा' ही पद्धत खऱ्या अर्थानं रुजली ती १९६०च्या दशकात. १९६२ मध्ये मायकल स्पॉक बॉस्टनच्या मुलांच्या संग्रहालयाचे संचालक झाले. बालसंगोपनावरच्या पुस्तकामुळे जगभर गाजलेल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे ते चिरंजीव. त्यांनी कपाटं बाजूला सारून रोजच्या वापरातल्या वस्तू आतून कशा असतात, हे मुलांसमोर उघडून ठेवलं.

१९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्सप्लोरेटोरियम' उभं राहिलं. ते उभारणारे फ्रँक ओपनहायमर हे अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ओपनहायमर यांचे धाकटे भाऊ. कम्युनिस्ट पक्षाशी पूर्वी असलेल्या संबंधांमुळे त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली होती. मग त्यांनी कोलोरॅडोत गुरं पाळली आणि तिथल्या शाळेत शिकवलं. पुढच्या संग्रहालयाची बीजं त्या शाळेतल्या प्रयोगांमध्ये होती, असं म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे काय आहे?

१९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष होतं. त्याच वर्षी मुंबईत वरळीला विज्ञान उद्यान सुरू झालं आणि १९८५ मध्ये नेहरू विज्ञान केंद्राची इमारत खुली झाली. पुण्यात आयुकाच्या आवारात 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' आहे. तिच्यामागे पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानची देणगी आहे आणि टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांनी तिथे अनेक वर्षं काम केलं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानंही २०१९ मध्ये मुलांसाठी वेगळं दालन उघडलं.

मुलं तिथे नेमकं काय शिकतात?

अनेक विज्ञान उद्यानांमध्ये आढळणारं एक उपकरण घेऊ. दोन मोठ्या, खोलगट थाळ्या एकमेकींकडे तोंड करून बऱ्याच अंतरावर उभ्या असतात. एकीच्या ठरावीक बिंदूपाशी कुजबुजलं की आवाज थाळीवर आपटून सरळ समोर जातो. दुसरी थाळी तो पुन्हा एका बिंदूवर गोळा करते. तिथे कान लावून उभ्या असलेल्या बहिणीला दादाचं गुपित स्वच्छ ऐकू येतं, मधून चालणाऱ्यांना मात्र पत्ताही लागत नाही.

चार वर्षांच्या मुलीला यातलं परावर्तन कळणार नाही. कळायलाच हवं, असंही नाही. तिला एवढंच समजतं, की इथे उभं राहिलं तर ऐकू येतं आणि दोन पावलं सरकलं तर नाही. हे ती स्वतः सरकून शोधते. पाटीवरची माहिती आधीच वाचून दाखवली, तर शोधायला काही उरतच नाही.

इथेच पालकांची पंचाईत होते. तिकीट काढलंय, तीन मजले बाकी आहेत आणि पोरगं अर्धा तास एकाच कप्पीची दोरी ओढतंय! 'चल, पुढे अजून खूप आहे' हे वाक्य मग दर दोन मिनिटांनी ऐकू येतं. पण तेच तेच पुन्हा करणं ही या वयाची तपासण्याचीच पद्धत आहे. मघाशी बादली वर आली, आता पुन्हा येईल का? त्यामुळे सगळं 'बघून होण्या'चा हट्ट मोठ्यांनी सोडलेला बरा. तीन-चार उपकरणांत दिवस संपला तरी पैसे फुकट जात नाहीत.

भावंडांच्या वयात अंतर असेल, तर दोन मोठी माणसं सोबत हवीत. आठ वर्षांच्या मुलाला पाटी वाचायची असते, धाकटीला बटण पुन्हा दाबायचं असतं. एखादं यंत्र बंद असू शकतं, तेव्हा नेमक्या एकाच गोष्टीचं आमिष घरून दाखवून नेऊ नये. आठवड्याच्या मधल्या दिवशी शाळांच्या सहलींची गर्दी असू शकते, म्हणून आधी फोन करून विचारावं. उघड्यावरच्या उद्यानातल्या लोखंडी वस्तू दुपारी चांगल्याच तापतात. म्हणून सकाळी आधी उद्यान, मग डबा आणि ऊन चढल्यावर आतली दालनं, हा क्रम सोयीचा पडतो.