दूध, ताडी आणि आरे

१९४९ या एकाच वर्षी मुंबई सरकारने दोन पांढऱ्या पेयांचे भवितव्य ठरविले. गोरेगावच्या पूर्वेकडील टेकड्यांवर आरे दुग्ध वसाहत उभी राहिली, शहरातील म्हशींचे गोठे तेथे हलविण्यास आरंभ झाला आणि दूध ही सरकारच्या जबाबदारीची वस्तू बनली. त्याच वर्षी दारूबंदीचा कायदा संमत झाला आणि ताडी ही गुन्ह्याची वस्तू बनली. योगायोग एवढाच की, ज्या टेकड्यांवर दुधाचा हा प्रपंच मांडला गेला त्यांच्यावर ताडाची झाडे पूर्वीपासून उभी होती, आणि त्या झाडांच्या आश्रयाने वारल्यांचे पाडे वसलेले होते. आरेच्या परिसरात असे सत्तावीस पाडे आजही मोजले जातात. वारली चित्रांत ताडावर चढणारा माणूस आणि झाडाला टांगलेली मडकी वारंवार दिसतात. ती केवळ नक्षी नव्हे, त्या समाजाच्या वार्षिक अर्थव्यवहाराची ती नोंद आहे.

या विषयाची आठवण होण्यास निमित्त मात्र फार दूरचे आहे. स्पेनच्या दक्षिणेस हेरेस नावाचा प्रांत आहे. ‘शेरी’ हे मद्याचे नाव त्याच गावाच्या नावाचा इंग्रजी अपभ्रंश होय. तेथील चुनखडीयुक्त पांढऱ्या जमिनीत पालोमिनो जातीची द्राक्षे होतात. त्यांचा रस आंबवून पिंपांत थोडी रिकामी जागा ठेवून भरला, की त्याच्या पृष्ठभागावर किण्वाची एक पांढरी साय धरते. तिला तेथे ‘फ्लोर’, म्हणजे फूल, असे म्हणतात. ही साय हवेपासून मद्याचे रक्षण करते, आणि स्वतः मद्यार्क खाऊन जगता जगता त्याला एक विशिष्ट वास व रुक्ष चव देते. मद्यार्काचे प्रमाण शेकडा पंधराच्या आसपास असताना ती उत्तम जगते. सतरावर गेले की मरते.

पूर्वी हे मद्य वरून काहीही न घालता तयार होत असे. द्राक्षे पूर्ण पिकू द्यावयाची, चटयांवर पसरून उन्हात थोडी सुकवावयाची, म्हणजे साखर वाढून मद्यार्काचे प्रमाण आपोआप पुरेसे होई. परंतु इंग्लंडचा व्यापार वाढला. लांबचा सागरी प्रवास, दूरच्या गिऱ्हाइकाची सवय आणि मालाच्या एकसारखेपणाची गरज यांमुळे द्राक्षांचा ऊर्ध्वपातित मद्यार्क वरून मिसळण्याची प्रथा पडली. विसाव्या शतकात ती नियमांत गोठविली गेली. १९३५ साली हेरेसचे नियामक मंडळ अस्तित्वात आले. पुढे मिसळ न केलेल्या मद्याला त्या प्रांताचे नावच लावता येईना. म्हणजे जी पद्धत मुळात होती तीच बेकायदा ठरली! वस्तुतः शेजारच्या मोंतिया-मोरिलेस भागात मिसळ न करताही सायीखालचे मद्य अव्याहत होत राहिले होते. तेव्हा शास्त्रीय अडचण अशी काही नव्हतीच.

पुढे व्हावयाचे तेच झाले. १९७० च्या दशकात स्वस्त शेरीचे अमाप उत्पादन झाले, रुमासा हा अवाढव्य उद्योगसमूह १९८३ साली स्पॅनिश सरकारला ताब्यात घ्यावा लागला, आणि काही दशकांत द्राक्षांखालील क्षेत्र एकतृतीयांशाच्या आसपास येऊन ठेपले. या पडझडीतून काही तरुण उत्पादकांनी जुन्या पद्धतीकडे पाहिले. २००८ नंतर मिसळ न केलेली पांढरी मद्ये पुन्हा बाजारात येऊ लागली. प्रांताच्या नावाविना विकली जात असूनही त्यांना भाव मिळाला. अखेर २०२१-२२ च्या सुमारास नियामक मंडळाने आपले नियम बदलले. पिंपातील साय शतकानुशतके तशीच धरत होती. बदलली ती व्याख्या.

व्याख्येचे हे सामर्थ्य आपल्याकडे अधिक कठोरपणे अनुभवास आले आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडाच्या झाडावरील कर जबर वाढला, गावोगावची ऊर्ध्वपातनाची भांडी बंद होऊन मध्यवर्ती भट्ट्यांचा अंमल सुरू झाला. भंडारी समाजाच्या परंपरागत व्यवसायावर हा मोठाच आघात होता. एवढ्याने भागेना म्हणून १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा स्वतंत्र कायदा झाला. आरे ज्या साष्टी तालुक्यात मोडत असे तो तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. जंगलात आपोआप गळणारे फूल वेचणे हा अपराध ठरविणाऱ्या या कायद्याचे कारण नैतिक नव्हते. सरकारी भट्टीच्या मालाला स्पर्धा नको, हे होते. सरकारी तिजोरी नीतीची भाषा किती सहज शिकते, याचा हा जुना दाखला आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या दारूबंदीमागील हेतू निश्चितच वेगळा होता. परंतु बंदी शिथिल होऊ लागली तेव्हा परत आली ती ताडी नव्हे, तर १९७३ च्या नियमांखालील ‘देशी दारू’. नाव देशी असले तरी कोणत्याही गावाशी वा झाडाशी तिचा संबंध नाही. साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेला मद्यार्क पाण्याने सौम्य करून बाटलीत भरावयाचा, एवढाच तिचा इतिहास. ताडीला १९६८ च्या नियमांनी परवानगी मिळाली, पण ती दुकानांच्या लिलावाच्या वाटेने. येथेच अर्थशास्त्राचा साधा प्रश्न उपस्थित होतो. लिलावाची रक्कम भरून बसलेल्या दुकानदाराला ती वसूल करावयाची असते. झाडे मात्र मोजकी, रसही मोसमी. मागणी व पुरवठा यांतील ही तफावत पाणी, सॅकरीन आणि क्लोरल हायड्रेट यांनी भरून काढली जाते. भेसळीच्या ताडीचे बळी ठरणारे लोक बहुधा हमाल, बांधकाम मजूर व झोपडपट्टीतील रहिवासी असतात. हा दोष झाडाचा नाही आणि झाडावर चढणाऱ्याचाही नाही. दुकानदाराला दुसरा मार्गच उरू नये अशी ही रचना आहे.

हेरेसचे उदाहरण सरसकट लागू पडणार नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. सायीखालचे मद्य वर्षानुवर्षे मुरते आणि मुरण्यातूनच त्याची किंमत वाढते. ताडीला ते भाग्य नाही. पहाटे उतरविलेला गोड रस हवेतील व मडक्यातील किण्वांमुळे काही तासांत आंबतो, सायंकाळपर्यंत तीव्र होतो आणि दुसऱ्या दिवशी शिरक्याच्या मार्गाला लागतो. मडक्याला आतून चुना लावून आंबणे रोखले तर ती नीरा. तेवढीच कायद्याला निर्मळ वाटते. म्हणजे ताडीची किंमत ताजेपणात आणि जवळच्या गिऱ्हाइकात आहे. अशा नाशवंत पांढऱ्या पेयाचे काय करावे, हे मुंबई सरकारला ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. दारा खुरोडी यांच्या कारकिर्दीत आरेने नेमके तेच करून दाखविले होते: दुधाची तपासणी, दर्जानुसार भाव, बाटलीबंद वाटप, ठरलेली केंद्रे. त्या काळी दुधातही पाण्याची भेसळ सर्रास होती. म्हणून कोणी दुधावर बंदी घातली नाही.

तीच दृष्टी ताडीला लावावयाची तर दुकानांचा लिलाव बंद करून परवाना झाड चढणाऱ्यांच्या सहकारी संस्थेला द्यावा लागेल, विक्री झाडांच्या मोजलेल्या उत्पन्नाइतकीच मर्यादित ठेवावी लागेल, आणि संकलनाच्या जागीच तपासणी करावी लागेल. गोव्याने २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळवून दिले. केरळने २०२१ साली ताडी उद्योगासाठी स्वतंत्र मंडळाचा कायदा केला. महाराष्ट्राने द्राक्षाच्या वाइनला २००१ च्या धोरणाने उदार सवलती दिल्या. ताडाच्या वाट्याला तसे धोरण आले नाही. नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराला उद्योजक म्हणावयाचे आणि पाड्यावरच्या वारल्याला अबकारी गुन्हेगार, हा भेद रसायनशास्त्राला तरी मान्य होणार नाही.

दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसारांचा प्रश्न यावर कोणी विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. गडचिरोलीत स्त्रियांच्या व कार्यकर्त्यांच्या आग्रहातून १९९३ साली दारूबंदी आली, ती हौसेने नव्हे. ताडी निरुपद्रवी आहे असा दावा कोणी करू नये. पण तिच्यात मद्यार्क शेकडा चार-पाच असतो आणि देशी दारूत त्याच्या कितीतरी पट. गरिबाच्या हातातील सौम्य पेय महाग व दुर्मीळ करून तीव्र पेय मुबलक ठेवणाऱ्या करपद्धतीने कोणत्या स्त्रीचा संसार वाचविला, याचा हिशेब मांडला जावयास हवा.

दरम्यान आरेचे दूधही पूर्वीचे राहिलेले नाही. २०२० साली तेथील ८१२ एकर जमीन राखीव वन म्हणून घोषित करण्याचा निर्णय झाला, आणि त्याबरोबर पाड्यांवरील हक्कांचा जुना प्रश्न नव्याने पुढे आला. त्या चर्चेत घर, शेतीचा तुकडा, रस्ता, वीज यांची नोंद होते. ताडाच्या झाडावर कोणाचा हक्क आहे आणि त्यातून काय उतरविता येईल, हा रकाना तीत अद्याप नाही. ताड रसाला येण्यास पंधरा-वीस वर्षे लागतात. आज लावलेले झाड पुढच्या पिढीचे. चढणारे मात्र आजच वृद्ध होत चालले आहेत, आणि त्यांच्या मुलांनी गोरेगाव-अंधेरीच्या कचेऱ्यांत पहारेकऱ्याची नोकरी पत्करली आहे.