सभेला गाव, यादीत आपली माणसं

सकाळी साडेसहा. जालना रोडवरच्या टपरीत पहिला चहा. अण्णा आधीच बाकावर बसलेले असतात. बदनापूर तालुक्यात त्यांनी आयुष्यभर एकाच पक्षाचं काम केलं. मोठं पद कधी मिळालं नाही, पण कुठल्या गावात कुणाचा शब्द चालतो हे त्यांना तोंडपाठ. आज बी.ए.च्या वर्गाला अमेरिकेतली प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायचं मतदान, शिकवायची होती, म्हणून सहज विचारलं, "अण्णा, ज्याच्या सभेला पोरं धावतात तोच पक्षात का पडतो?"

त्यांनी चहा बशीत ओतला. "सर, सभेला गाव येतं. यादीत आपापली माणसं असतात."

आठ वाजता घरी टिपणं काढायला बसलो. पक्षात मत कुणाला, हे ठरवणाऱ्या यादीबद्दलचं अण्णांचं म्हणणं आपल्याकडच्या पक्षांना चपखल बसतं. 1997 साली काँग्रेस अध्यक्षपदासाठी शरद पवार उभे राहिले. सीताराम केसरींना 6,224 मतं पडली, पवारांना 882. केसरी कित्येक वर्षं पक्षाचे खजिनदार होते, मतदार प्रतिनिधींना ते नावानिशी ओळखत. पवारांना मराठवाडा ओळखत होता, पण मराठवाडा मतदार नव्हता.

त्याच पदाच्या 2022 च्या निवडणुकीचं उदाहरण तर विषयाच्या अगदी जवळचं. शशी थरूर सुधारणेचा जाहीरनामा घेऊन उभे राहिले: सत्तेचं विकेंद्रीकरण, खालच्या कार्यकर्त्याला अधिकार. प्रचाराची सुरुवात त्यांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून केली. तरुणांनी सेल्फी काढले, वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. पण हातात पडलेल्या प्रतिनिधींच्या यादीत अनेकांचे पत्ते नि फोन नंबरच नाहीत, अशी त्यांची जाहीर तक्रार होती. समोर मल्लिकार्जुन खर्गे. बिदर जिल्ह्यात भालकी तालुक्यात जन्मलेले, म्हणजे आपल्याच जुन्या निजामी मुलखातले, आणि दिल्लीची पसंती त्यांनाच आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. 19 ऑक्टोबरला मोजणी झाली. खर्गे 7,897, थरूर 1,072, बाद 416.

थरूर निवडून आले असते तर पक्ष बदलला असता, असा माझा दावा नाही. अर्ज भरला तेव्हाच निकाल ठरला होता, एवढंच म्हणतो.

साडेदहाचा तास. मुलं सोमठाणा, दाभाडी, शेलगाव अशा गावांतून येतात. एसटी चुकली की निम्मा वर्ग रिकामा. आज बऱ्यापैकी भरला होता. मुलांना सांगितलं, अमेरिकेत यादीचा अडथळा जवळपास नाही. लाखो सामान्य माणसं प्रायमरीत मत देतात. तरी डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी लढलेले डावे बर्नी सँडर्स 2016 मध्ये हरले आणि 2020 मध्येही. का, ते सांगण्याआधी प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या दिल्या. सरपंचपदासाठी दोन काल्पनिक उमेदवार: एक शिकलेली, टँकरच्या हिशोबावरून ग्रामसभेत भांडणारी बाई, दुसरा सगळ्यांच्या लग्नाला जाणारा, कुणाला न दुखावणारा जुना सदस्य. पहिल्या चिठ्ठीवर लिहा, तुम्हाला कोण हवं. दुसरीवर, निवडून कोण येईल.

पहिल्या चिठ्ठीत बाई भरघोस मतांनी आली. दुसरीत सदस्य.

मग विचारलं, विरोधी पॅनलचा सरपंच पाडायचाच असेल तर मत कुणाला? बाईला मत देणाऱ्यांपैकीच बऱ्याच मुलांनी सदस्याच्या नावाला हात वर केला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, मला तीच पाहिजे, पण गाव तिला मत देणार नाही ना." शेजारचीही हेच म्हणाली. गाव म्हणजे त्या दोघीच होत्या, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

अमेरिकेत 2020 मध्ये हेच झालं. सर्वांना सरकारी आरोग्य विमा ही सँडर्सची मागणी अनेक राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाच्या बहुसंख्य मतदारांना मान्य होती, हे मतदान केंद्रांबाहेरच्या पाहण्यांत दिसलं. पण त्याच पाहण्यांत बहुतेकांनी सांगितलं की आपल्या मताचा उमेदवार मिळण्यापेक्षा ट्रम्पना हरवणारा मिळणं महत्त्वाचं. 22 फेब्रुवारीला सँडर्सनी नेवाडा मोठ्या फरकानं जिंकलं. आठवड्याने साउथ कॅरोलिनात जो बायडन जिंकले. तिथे पक्षाच्या मतदारांत कृष्णवर्णीय बहुसंख्य आणि खासदार जिम क्लायबर्न यांचा शब्द जड. आपल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राच्या बीडीएन 711 तुरीचं उदाहरण दिलं: वाण नुसतं केंद्राच्या रानात पिकून चालत नाही, वेगवेगळ्या मातीत टिकावं लागतं. सँडर्सचं वाण त्या मातीत उतरलं नाही.

आणि मग माघारी. पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुचर यांनी मतदानाच्या तोंडावर माघार घेऊन बायडनना पाठिंबा दिला. 3 मार्चला चौदा राज्यांत मतदान झालं, दहा बायडनकडे गेली. एलिझाबेथ वॉरेन मात्र त्या दिवसापर्यंत रिंगणात राहिल्या, म्हणजे डावीकडची मतं फुटलेली आणि मधली एकत्र. अर्ज मागे घ्यायच्या दिवशी तीन वाजेपर्यंत तहसीलसमोर काय चालतं हे मुलांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे हा भाग समजवावा लागला नाही.

साडेबारा, स्टाफरूम. अर्थशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, सगळा पैशाचा खेळ. मी त्यांना अब्जाधीश उमेदवार मायकेल ब्लूमबर्ग यांचं उदाहरण सांगितलं: त्याच निवडणुकीत पन्नास कोटी डॉलरच्या वर उधळले आणि हाती लागलं एकटं अमेरिकन सामोआ. मॅडमना पटलं नाही. डबा खाल्ला.

दुपारभर परीक्षा फॉर्म.

साडेचारला एक माजी विद्यार्थी आला. पंचायत समितीला उभं राहायचंय, विश्रामगृहावर पक्षाच्या मुलाखती झाल्या. त्यानं फळपीक विम्यासाठी मोसंबीवाल्यांना घेऊन मोर्चा काढला होता, त्याची कात्रणं फाईलमध्ये नीट लावलेली. निरीक्षकांनी फाईल उघडली नाही. दोनच प्रश्न: मागे किती गावं, आणि खर्चाचं काय.

त्याला मी वर्ध्याची गोष्ट सांगितली. 2014 च्या लोकसभेआधी राहुल गांधींनी मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानानं उमेदवार निवडायचा प्रयोग केला. वर्धा त्यात होता. मत पदाधिकाऱ्यांना आणि पक्षाच्या लोकप्रतिनिधींना. एका बाजूला तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर, दुसऱ्या बाजूला काँग्रेस नेत्या प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस. घराणेशाही मोडायला काढलेल्या प्रयोगात दोन्हीकडे घराणीच. सागर मेघे जिंकले, लोकसभेत भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून पडले, आणि त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं. टोकस पक्षात राहिल्या, 2019 ला त्यांना तिकीट मिळालं, त्याही तडस यांच्याकडूनच हरल्या.

"मग सर, मी काय करू?"

"सभासद नोंदणी कधी झाली होती तुमची?"

त्याला ठाऊक नव्हतं. मोर्च्याच्या महिन्यातच झाली होती, हे मला सकाळी अण्णांनी सांगितलं होतं. तालुक्याची यादी कुणाकडे असेल, त्यानं विचारलं. रात्री आठला त्याच्यासाठी अण्णांना फोन लावला. ते विश्रामगृहावर होते, निरीक्षकांसोबत. म्हणाले, सर, उद्या बोलू.