आवडली, पण...! निळ्या अंड्याची गोष्ट

दोस्तांनो, गरम वरणभात चवीनं खात असताना मधेच दाताखाली खडा आला तर काय होतं? ताट बाजूला सारवत नाही आणि खडाही विसरता येत नाही. काही पुस्तकांचं अगदी असंच होतं. ख्रिस्तोफर पाओलिनी या अमेरिकन लेखकाची 'एरागॉन' ही कादंबरी त्यातलीच एक. ती वाचलेल्या मुलांमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, "काय भन्नाट आहे रे!" दुसरा नाक मुरडतो, "ह्यॅ, सगळी ढापाढापी!"

मला विचाराल तर दोघंही बरोबर आहेत. आता भांडणारे दोघंही बरोबर कसे? चला, बघू या.

दगड नव्हे, अंडं!

अलागेझिया नावाच्या काल्पनिक देशात कार्व्हाहॉल हे छोटंसं खेडं आहे. तिथं पंधरा वर्षांचा एरागॉन आपला मामा गॅरो आणि मामेभाऊ रोरान यांच्याबरोबर शेतात राबतो. घरी गरिबी. डोंगरात शिकारीला गेला असताना त्याला एक निळाशार, गुळगुळीत दगड सापडतो. दगड विकून थोडं मांस घ्यावं, एवढाच त्याचा साधा विचार. पण खाटीक तो दगड घेतच नाही, कारण ज्या डोंगरातून तो आला त्या डोंगराला सगळं गाव घाबरतं.

बरं झालं घेतला नाही! कारण तो दगड नसतोच. ते असतं ड्रॅगनचं अंडं. एके रात्री ते फुटतं आणि आतून बाहेर येते सफीरा.

ही सफीरा म्हणजे पुस्तकाचा प्राण. एरागॉन तिला नाव ठेवायला बसतो. एकामागून एक नावं सुचवतो, ती सगळी नाकारते. शेवटी त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो, की अरे, आपण सगळी मुलांचीच नावं सांगतोय आणि ही तर मुलगी आहे! पुढे दोघं एकमेकांशी मनातल्या मनात बोलू लागतात. ती त्याला रागावते, चिडवते, धीर देते. असा मित्र कोणाला नको असेल?

आणि ड्रॅगनवर बसून उडायचं म्हणजे नुसती मजा, असंही लेखक सांगत नाही. एरागॉन पहिल्यांदा उडतो तेव्हा पाठीवर खोगीर नसतं. सफीराच्या खरखरीत खवल्यांनी त्याच्या मांड्या सोलवटून निघतात, खाली उतरल्यावर त्याला धड चालताही येत नाही. नेमक्या त्याच वेळी तिकडे घरावर संकट कोसळलेलं असतं आणि हा मामाच्या मदतीला पोचू शकत नाही. हे वाचताना पोटात तुटतं.

जादूचा हिशेब

या पुस्तकातली जादू फुकट मिळत नाही. एखादा धोंडा हातानं उचलायला जेवढी ताकद लागेल, तेवढीच ताकद मंत्रानं उचलायलाही लागते. ताकदीबाहेरचा मंत्र म्हटला तर जीवच जाईल! एरागॉनच्या तोंडून पहिला मंत्र निघतो, शत्रू उडतो आणि पाठोपाठ हाही गळून पडतो. बँकेत पैसे असतील तेवढेच काढता येतात ना, तसं.

मंत्रांसाठी एक प्राचीन भाषा आहे. तिच्यात खोटं बोलताच येत नाही. तिच्यातले कित्येक शब्द पाओलिनीनं युरोपच्या उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेतून घेतलेत. 'ब्रिसिंगर' म्हणजे अग्नी, हा त्यातलाच.

व्याकरणाला कंटाळणाऱ्यांनी आता कान टवकारा. एरागॉन या भाषेत एका तान्ह्या मुलीला आशीर्वाद देतो. त्याला म्हणायचं असतं, "संकटांपासून तुझं रक्षण होवो." पण शब्दाचं रूप चुकतं आणि तो म्हणून बसतो, "तू संकटांपुढची ढाल हो." झालं! त्या बिचारीला दुसऱ्यांची दुःखं झेलणं भाग पडतं. ही चूक उघड होते दुसऱ्या भागात, म्हणजे 'एल्डेस्ट'मध्ये. एका रूपाची चूक एवढी महागात पडलेली मी दुसऱ्या कुठल्या गोष्टीत वाचलेली नाही.

आणखी एक गंमत. आपल्या या नायकाला सुरुवातीला वाचताच येत नाही! ब्रॉम हा म्हातारा गोष्टीवेल्हाळ त्याला प्रवासात लिहा-वाचायला शिकवतो. तलवार हाती आल्यानंतर अक्षरओळख होणारा हा नायक मला फार आवडला.

दाताखालचे खडे

आता खड्यांकडे वळू. पहिला खडा म्हणजे लांबण. पुस्तक आहे पाचशे पानांच्या आसपास. मधे प्रवासच प्रवास. घोड्यावर बसले, मुक्काम केला, तलवारीचा सराव केला, झोपले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दुसरा खडा आर्याचा. ही एल्फ जमातीची शूर, हुशार तरुणी. पण तिची सुटका झाल्यापासून कितीतरी पानं ती बेशुद्धच! इतकी चांगली व्यक्तिरेखा आणि तिला सामानासारखं वाहून न्यायचं? आणि ज्याच्या भीतीनं सगळा देश कापतो, तो राजा गॅल्बटोरिक्स तर या पहिल्या भागात समोर येतच नाही.

तिसरा खडा सगळ्यात मोठा. 'स्टार वॉर्स' हा १९७७ सालचा सिनेमा आठवा. शेतावर काकाकडे वाढलेला मुलगा, घराची राखरांगोळी, एकेकाळी योद्धा असलेला म्हातारा गुरू, हाती आलेली जुनी तलवार, कैदेतली राजकन्या, बंडखोरांचा गुप्त तळ. आता 'एरागॉन' पुन्हा उघडा. काय दिसतं? एल्फ आणि ड्वार्फ आठवण करून देतात टॉल्किनची. खऱ्या नावात सामर्थ्य असतं, ही कल्पना उर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ सालच्या 'अ विझार्ड ऑफ अर्थसी'मध्ये आहे. अंड्यातून निघालेल्या ड्रॅगनचं आणि स्वाराचं मन जुळणं ॲन मॅकॅफ्री यांच्या पुस्तकांत आहे. दगडासारख्या अंड्याची कल्पना ब्रूस कोव्हिल यांच्या १९९१ सालच्या बालकादंबरीवरून सुचली, हे तर पाओलिनीनं स्वतःच सांगितलंय.

पंधरा वर्षांचा लेखक

तर हा पाओलिनी होता तरी कोण? जन्म १९८३. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या एका खोऱ्यात तो वाढला. शाळेत न जाता घरीच शिकला आणि पंधराव्या वर्षी शालेय शिक्षण पुरं झाल्यावर ही कादंबरी लिहायला बसला. म्हणजे तो आणि त्याचा एरागॉन एकाच वयाचे!

पहिला खर्डा लिहायला एक वर्ष लागलं. तो वाचल्यावर त्याचा त्यालाच पसंत पडला नाही, म्हणून आणखी एक वर्ष दुरुस्त्या. मग आईवडिलांनी २००२ मध्ये पुस्तक स्वतःच प्रकाशित केलं. जुन्या काळचे कपडे घालून हा मुलगा शाळा, वाचनालयं, पुस्तकांची दुकानं पालथी घालू लागला. असे १३५हून जास्त कार्यक्रम त्यानं केले. कार्ल हायासेन या लेखकाच्या सावत्र मुलानं ते पुस्तक वाचलं, त्याला ते बेहद्द आवडलं आणि हायासेन यांच्यामार्फत ते नॉफ या मोठ्या प्रकाशन संस्थेकडे पोचलं. पुन्हा संपादन झालं आणि ऑगस्ट २००३ मध्ये 'एरागॉन' जगभर जायला निघाला.

उसनं की चोरी?

मग ही ढापाढापी म्हणायची का? थोडं थांबा. टॉल्किननं 'द हॉबिट'मधल्या ड्वार्फांची नावं जुन्या नॉर्स काव्यातून उचलली होती. आपली आजी सांगते ती राक्षसाची गोष्टही तिनं तिच्या आजीकडूनच घेतलेली असते. गोष्टींच्या गावात उसनवारी चालतेच.

पण उसन्या वस्तू घेणं वेगळं आणि दुसऱ्याची वाटच पायाखाली घेणं वेगळं. एल्फ घेतले, ड्रॅगन घेतले, काही बिघडलं नाही. प्रसंगांचा क्रमही तोच घेतला की वाचक लेखकाच्या पुढे धावतो. गॅरोमामाचं काय होणार, ब्रॉमचं काय होणार, हे आपण आधीच ओळखतो. 'एरागॉन' तिथंच कंटाळवाणी होते. आणि जिथं सोललेल्या मांड्या आहेत, चुकलेला आशीर्वाद आहे, नाव नाकारणारी सफीरा आहे, तिथं पुढे काय होणार ते आपल्याला ओळखता येत नाही. तिथं बोलतो तो पाओलिनी.

म्हणून कुणी "ती तर नक्कल आहे" म्हणालं, तर आपली आवड गुपचूप लपवायची गरज नाही. आणि पुस्तक आवडलं म्हणून खडे नाहीतच, असं भांडायचीही गरज नाही. तुमच्यापैकी कुणी वहीत चोरून गोष्ट लिहीत असेल आणि ती वाचलेल्या पुस्तकासारखी होत असेल, तरी ती फाडू नका. एक वर्ष लिहिण्यात आणि एक वर्ष दुरुस्त करण्यात घालवलं, तर बारावी होण्याआधी कादंबरी तयार!

आई-बाबांसाठी दोन शब्द

बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना हे पुस्तक द्यायला हरकत नाही. मात्र त्यात लढाया आहेत, मृत्यू आहेत आणि एका उद्ध्वस्त गावातलं दृश्य फार भीषण आहे. कोवळ्या मनाच्या मुलांबरोबर तेवढी पानं तुम्हीही वाचा. २००६ सालचा सिनेमा आधी दाखवू नका. पुस्तकातलं बरंच काही त्यात गळलंय. पुढे 'एल्डेस्ट', 'ब्रिसिंगर' आणि 'इनहेरिटन्स' हे भाग आहेत. २०२३ मध्ये 'मर्टाग' हेही आलं.

आणि मुलांनो, 'एरागॉन' वाचायला घ्याल तेव्हा शेजारी एक वही ठेवा. पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे 'हे कुठंतरी वाचलंय' आणि उजवीकडे 'हे पहिल्यांदाच वाचतोय' असं लिहा आणि वाचता वाचता भरत जा. बघू या, तुमची कुठली बाजू आधी भरते!