जेन्किन्समध्ये प्लगइन गहाळ झालं, तर काय करायचं?

(नातेपुते येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मागं बसलेल्यांना आवाज येतोय ना? बरं.

इथली बरीच मुलं पुण्यात हिंजवडी-खराडीला कामाला आहेत, काही जण गावात राहूनच कंपनीचं काम करतात. सुरुवातीलाच एकानं मला विचारलं, "सर, जेन्किन्स नव्या सर्व्हरवर हलवलं आणि निम्मे जॉब दिसेनासे झाले. आता?" आज याच प्रश्नावर बोलू. एवढं एकच लक्षात ठेवून घरी गेलात तरी चालेल: जॉब दिसत नाही म्हणजे तो पुसला गेला असं नाही. पण घाईनं दाबलेलं एक बटण त्याला खरंच पुसू शकतं.

ज्यांना जेन्किन्स माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रोग्रामरनं लिहिलेला कोड गोळा करायचा, तपासायचा, बिल्ड करायचा आणि सर्व्हरवर चढवायचा, ही रोजची कामं आपोआप करणारं हे सॉफ्टवेअर. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना 2004 साली ते सुरू केलं. तेव्हा त्याचं नाव हडसन होतं. पुढं ओरॅकलशी नावावरून वाद झाला आणि 2011 साली ते जेन्किन्स झालं. मूळ प्रोग्राम स्वतः फार थोडं करतो. गिटमधून कोड आणणं, पाइपलाइन चालवणं, दुसऱ्या सर्व्हरवर लॉगिन करणं, ही कामं प्लगइन करतात. अशी अठराशेच्या वर प्लगइन्स आहेत.

आता खरी गोम इथं आहे. एक प्लगइन दुसऱ्यावर अवलंबून असतं. आपल्या गावात माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो. दिंडीचा ट्रक येतो, तंबू उतरवला जातो. पण बांबू आणि खुंट्या दुसऱ्या ट्रकमध्ये, आणि तो ट्रक अजून वाटेतच. मग तंबू असून उपयोग काय? गिट प्लगइनचं तसंच आहे. त्याला गिट क्लायंट लागतं, क्रेडेन्शियल्स लागतं, एससीएम एपीआय लागतं. यातलं एक नसलं तरी गिट प्लगइन उभं राहत नाही.

प्लगइन गहाळ आहे हे ओळखायचं कसं? तीन खुणा सांगतो.

पहिली, मॅनेज जेन्किन्सच्या पानावर वर इशारा येतो: अमुक प्लगइन लोड झालं नाही, आणि त्याखाली कारण. कारण नीट वाचा. "प्लगइन इज मिसिंग" म्हणजे ते मुळातच नाही. "अपडेट रिक्वायर्ड" म्हणजे आहे, पण जुनं आहे. आणि जेन्किन्सचीच वरची आवृत्ती मागितली असेल, तर प्लगइन पुन्हा पुन्हा टाकून काही होणार नाही.

दुसरी, पाइपलाइन मध्येच थांबते आणि "नो सच डीएसएल मेथड" असं लिहून येतं. पुढं ज्या पायरीचं नाव असतं, ती पायरी पुरवणारं प्लगइन नाही. उदाहरणार्थ, तिथं 'एसएसएचएजंट' दिसलं तर एसएसएच एजंट प्लगइन बघायचं. अर्थात, नाव लिहिताना चूक झाली तरी हीच एरर येते, म्हणून आधी स्पेलिंग तपासा.

तिसरी, जॉबच दिसत नाही, किंवा जॉब दिसतो पण त्यातली एखादी पायरी नाही. इथं हात आवरा! जॉबची सगळी माहिती डिस्कवर कॉन्फिग डॉट एक्सएमएल या फाईलमध्ये तशीच असते. जेन्किन्सला फक्त ती वाचता येत नाहीये. पण तुम्ही तो अर्धवट जॉब उघडून सेव्ह केलात, किंवा मॅनेज ओल्ड डेटामध्ये जाऊन न वाचलेला डेटा काढून टाकलात, तर तो भाग कायमचा गेला. मी स्वतः हे केलंय. स्क्रीन स्वच्छ दिसावी म्हणून बटण दाबलं, आणि पुढचे दोन दिवस जुन्या बॅकअपमधून एकेक जॉब परत आणत बसलो.

मग क्रम कसा ठेवायचा? आधी जेन्किन्स होम या फोल्डरची प्रत काढा. मग इशाऱ्यातली नावं आणि आवृत्त्या कागदावर उतरवा. सर्व्हरला इंटरनेट असेल तर मॅनेज जेन्किन्स, प्लगइन्स, अव्हेलेबल इथं नाव शोधून इन्स्टॉल करा. जोडीला लागणारी प्लगइन्स ते स्वतःच आणतं. चालू बिल्ड संपू द्या, मग सेफ रीस्टार्ट द्या. जॉब परत दिसतील.

बँकांसारख्या ठिकाणी मात्र सर्व्हरला बाहेरचं इंटरनेट नसतं. तिथं एकच फाईल पेनड्राइव्हवर नेली की तंबू आला, बांबू राहिले! त्यासाठी जेन्किन्सचंच प्लगइन इन्स्टॉलेशन मॅनेजर नावाचं साधन आहे. इंटरनेट असलेल्या लॅपटॉपवर त्याला प्लगइनची यादी आणि तुमच्या जेन्किन्सची आवृत्ती द्या. अवलंबून असलेल्या सगळ्यांसकट ते फाईली एका फोल्डरमध्ये उतरवतं. त्या सर्व्हरच्या प्लगइन्स फोल्डरमध्ये टाका, फाईलींची मालकी जेन्किन्सच्या युजरकडे द्या आणि रीस्टार्ट करा.

प्रश्न: सर, दुसऱ्या कुठल्या वेबसाइटवरून तीच फाईल घेतली तर?

घेऊ नका. प्लगइन जेन्किन्सच्या आत, जेन्किन्सच्याच अधिकारानं चालतं. तुमचे पासवर्ड आणि सर्व्हरच्या किल्ल्या तिथंच असतात. अनोळखी माणसाला कोणी घराची चावी देतं का?

प्रश्न: हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं?

चालू असलेल्या प्लगइन्सची नावं आणि आवृत्त्या आजच एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहा आणि ती फाईल कोडसोबत गिटमध्ये ठेवा. प्लगइन बदललं की यादीही बदला. म्हणजे उद्या सर्व्हर बदलला, किंवा तुम्ही नोकरी बदललीत, तरी मागच्या माणसाला अंदाज बांधत बसावं लागणार नाही. अशी यादी किती जणांकडं आहे? हात वर करा बघू... दोन. पुढच्या वेळी सगळे हात वर दिसू देत.