ज्येष्ठांसह कोकणात : मुक्कामाची जागा निवडताना

दिवाळी आटोपून हवेत गारवा आला की नागपुरातील अनेक घरांत कोकणच्या सहलीचे बेत सुरू होतात. शून्य मैलाचा दगड ज्या शहरात उभा आहे, तेथील माणसाला समुद्राची ओढ असणे स्वाभाविकच आहे. आपल्या शहरापासून वर्धा, यवतमाळ, नांदेड, सोलापूर, कोल्हापूर असा जाणारा महामार्ग रत्नागिरीजवळ मिऱ्या येथे थेट समुद्राशी पोहोचतो. तरीही सारे आयुष्य विदर्भात काढलेले आणि समुद्र एकदाही न पाहिलेले कितीतरी आजी-आजोबा माझ्या दवाखान्यात येतात. "डॉक्टर, आईला सोबत नेता येईल का?" असे मुलगा किंवा सून विचारते, तेव्हा रक्तदाब व मधुमेह आटोक्यात असेल आणि घरातल्या घरात चालता येत असेल, तर माझे उत्तर बहुतेक वेळा होकारार्थीच असते. मात्र त्या होकारासोबत मी एक अट घालतो : मुक्कामाची जागा आईच्या सोयीने निवडा.

सहलीची आखणी बहुधा तरुण मंडळी करतात आणि छायाचित्रे पाहून करतात. छायाचित्रात समुद्र दिसतो, झोपाळा दिसतो. न्हाणीघराचा उंबरठा दिसत नाही. पंचाहत्तरीची व्यक्ती सकाळ-संध्याकाळ मिळून फार तर दोन-तीन तास किनाऱ्यावर बसेल. उरलेला सारा वेळ ती खोलीत, ओसरीवर, जेवणाच्या जागी आणि न्हाणीघरात असते. तिची सहल सुखाची होईल की नाही, हे त्या वेळेवर ठरते.

समुद्र दिसणारी खोली

समुद्र दिसणाऱ्या खोलीसाठी अधिक भाडे मोजावे लागते. अशी खोली पुष्कळदा वरच्या मजल्यावर किंवा टेकडीच्या उतारावर असते आणि लहान हॉटेलांत उद्वाहन क्वचितच असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दिवसातून चार वेळा जिना चढावा-उतरावा लागला, तर दुसऱ्या दिवशी तो "तुम्ही जाऊन या, मी इथेच पडतो" असे म्हणू लागतो. आपल्यामुळे मुलांचा विरस होऊ नये, म्हणून खरे कारण तो सांगत नाही.

कोकणातील जुनी घरे पाहावीत. गुहागरला एका लांबलचक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरे आहेत. समुद्राच्या बाजूच्या घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि वाडी ओलांडल्यावर समुद्र लागतो. वाडीमुळे खारा वारा अडतो, सावली मिळते आणि सपाट वाटेने किनाऱ्यावर जाता येते. ज्येष्ठांसाठी अशी तळमजल्याची, वाडीतली खोली मला अधिक योग्य वाटते. समुद्र दिसला नाही तरी त्याची गाज रात्रभर ऐकू येते.

हॉटेल की घरगुती निवास?

'घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय' अशा पाट्या कोकणात गावोगावी दिसतात. घरगुती निवासाचा मोठा लाभ म्हणजे माणसांचा सहवास. घरातल्या आजी ओसरीवर येऊन बसतात, आपल्या आईशी बोलतात, जेवण गरम वाढले जाते आणि रात्री हाक मारली तर कोणीतरी ओ देते. मात्र जुन्या घरांचे जोते पावसामुळे उंच बांधलेले असते. ओटीवर चढायला जांभ्या दगडाच्या चार-पाच पायऱ्या असतात आणि त्यांना कठडा असेलच असे नाही. काही घरांत शौचालय अंगणापलीकडे असते. काही वाड्यांत मोटार घरापर्यंत जात नाही. रस्त्यावर उतरून पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या अरुंद वाटेने, खाली चालत जावे लागते. पावसाळ्यानंतर काही आठवडे या दगडांवर शेवाळ असते.

हॉटेलात पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय, जनित्र आणि वातानुकूलन मिळण्याची शक्यता अधिक. पण तेथील गुळगुळीत फरशी ओली झाली की घसरते. मोठ्या आवारात विखुरलेल्या खोल्यांपासून भोजनगृह दोन-अडीचशे पावले दूर असते आणि रात्री चौकीदाराखेरीज कोणी जागे नसते. स्वतः हिंडू-फिरू शकणाऱ्या, गप्पांची आवड असलेल्या ज्येष्ठांना घरगुती निवास मानवतो. आधाराशिवाय उठता न येणाऱ्यांना तळमजल्यावरची खोली देणारे हॉटेल सोयीचे.

पलंगापासून न्हाणीघरापर्यंत

शहात्तर वर्षांचे एक निवृत्त शिक्षक माझे जुने रुग्ण. कुटुंबासह ते कोकणात गेले, तेव्हा खोली प्रशस्त होती, समोर समुद्र होता. घरी त्यांचे न्हाणीघर पलंगाच्या डावीकडे होते. रात्री दोनच्या सुमारास झोपेतून उठून ते सवयीने डावीकडे वळले आणि अंधारात उंच उंबरठ्याला अडखळून पडले. मांडीच्या हाडाचा खुब्याजवळचा भाग मोडला. शस्त्रक्रिया वेळेवर झाली. पण काठीशिवाय चालणे त्यांना पुन्हा जमले नाही. वाढत्या वयात हाडे ठिसूळ होतात आणि असे एक पडणे माणसाचे स्वावलंबन हिरावून नेते.

उतारवयात रात्री दोन-तीन वेळा लघवीला उठावे लागते. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांचा रक्तदाब एकदम उभे राहिल्यावर खाली येतो व चक्कर येते. म्हणून न्हाणीघर खोलीला लागून असावे, वाटेत उंबरठा किंवा पायरी नसावी आणि शौचालयाजवळ धरायला भक्कम दांडी असावी. पलंगावर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. आईची बाजू, म्हणजे घरी ती ज्या बाजूने उतरते तीच, येथेही मोकळी ठेवावी. पोहोचल्यावर उजेड असतानाच पलंग ते न्हाणीघर ही वाट तिला दोनदा चालून दाखवावी. रात्रदिवा घरून न्यावा, उशाशी विजेरी ठेवावी आणि उठताना मिनिटभर पलंगाच्या काठावर बसण्याची आठवण द्यावी.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला नवी जागा रात्री अधिक परकी वाटते. ती उठून बाहेर जाऊ पाहते. अशा वेळी किनाऱ्याला अगदी लागून असलेली खोली टाळावी, दाराची वरची कडी लावावी आणि सोबत झोपणाऱ्यांनी आळीपाळीने जागरण वाटून घ्यावे. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीलाही या सहलीत विश्रांती मिळाली पाहिजे.

हवा, आहार आणि औषधे

नागपूरचा उन्हाळा कोरडा. म्हणून आपल्याकडे कूलर चालतो. कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि कूलरचा उपयोग होत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ ज्येष्ठांना सर्वांत सुखाचा; तेव्हा बहुधा पंखा पुरतो. एप्रिल-मेमध्ये जायचेच असेल, तर वातानुकूलित खोली आणि वीज गेल्यास पर्यायी सोय यांची खात्री करून घ्यावी.

आपल्या जेवणात पोळी आणि ज्वारीची भाकरी. कोकणात भात, तांदळाची भाकरी, घावन, उकडीचे मोदक. चार दिवसांत मधुमेहींची साखर वाढते. घरगुती निवासात आधी सांगितले तर पोळ्या आणि भाजी-आमटीचे प्रमाण वाढवून मिळते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची नेमकी वेळ ठरवून घ्यावी आणि ताट समोर येण्याची चिन्हे दिसल्यावरच इंजेक्शन घ्यावे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात, फ्रीजच्या दारात ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात नको आणि उन्हात उभ्या मोटारीत तर मुळीच नको. सुकी मासळी, लोणचे व पापड यांत मीठ फार असते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते; मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. पायांना बधिरपणा असलेल्या मधुमेहींनी वाळूत अनवाणी चालू नये. शिंपल्याची जखम त्यांना कळतही नाही.

किनारा आणि दवाखाना

ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू चालायला सोपी. कोरड्या वाळूत पाय रुततात आणि गुडघे दुखतात. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. यजमानांना ती ठाऊक असते. त्यांना विचारून बाहेर पडावे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्यापासून दूर बसावे. गणपतीपुळ्याला मंदिर किनाऱ्यावरच आहे. दर्शन हा मुख्य हेतू असेल तर मंदिराजवळचा सपाटीवरील निवास घ्यावा. तेथील समुद्र पाण्यात उतरण्यासाठी धोकादायक आहे.

हृदयविकार असलेल्यांनी जागा ठरवण्यापूर्वी मोठे रुग्णालय किती वेळाच्या अंतरावर आहे, हे पाहावे. वळणांच्या रस्त्यावर किलोमीटर फसवे असतात. गणपतीपुळ्याहून आरे-वारे मार्गे रत्नागिरी सुमारे २५ किलोमीटर आहे. गुहागरहून चिपळूणला जायला मात्र तासाहून अधिक लागू शकतो. मुरुड-कर्दे परिसरात राहिल्यास दापोलीचे उपजिल्हा रुग्णालय जवळ पडते. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक राज्यभर चालतो. पण खोलगट वाड्यांत मोबाइलला संपर्क मिळतो का, हे आधी विचारावे.

प्रवासाचाही विचार हवा. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि त्यावर मोटार वेगाने जाते; तरी दर दोन तासांनी थांबून ज्येष्ठांना पाच मिनिटे चालवावे, म्हणजे पायांत रक्त साकळण्याचा धोका कमी होतो. घाट उतरण्यापूर्वी एक रात्र वाटेत मुक्काम करावा. रेल्वेने गेल्यास दापोलीसाठी खेड, गुहागरसाठी चिपळूण, गणपतीपुळ्यासाठी रत्नागिरी आणि मालवण-तारकर्लीसाठी कुडाळ ही स्थानके सोयीची.

दूरध्वनीवर विचारावयाचे प्रश्न

खोली तळमजल्यावर आहे का? मोटार दारापर्यंत येते का? मोटारीपासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती? शौचालय पाश्चात्त्य पद्धतीचे व खोलीला लागून आहे का? उंबरठा किती उंच? गरम पाणी किती वाजता मिळते? वीज गेल्यास काय सोय? औषधासाठी फ्रीज मिळेल का? जेवण कमी मिठाचे, कमी तिखटाचे आणि वेळेवर मिळेल का? रात्री हाक मारल्यास कोण येईल? जवळचे डॉक्टर कोठे बसतात? उत्तरे मोघम वाटली तर न्हाणीघराचे छायाचित्र मागवावे. नीट उत्तर देणारा यजमान पुढेही नीट काळजी घेईल, असा माझा अनुभव आहे.

हे प्रश्न विचारताना आई-वडिलांना शेजारी बसवावे. त्यांच्या अडचणी त्यांनाच सर्वाधिक ठाऊक असतात, फक्त त्या कोणी विचारत नाही. आणि निघण्यापूर्वी आठवडाभर आधी एकदा आपल्या डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, साखर आणि औषधांची चिठ्ठी तपासून घ्यावी. परतीच्या दिवसानंतरही चार दिवस पुरतील इतक्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात.