दोन ठोक्यांमधला विसावा

मटणाच्या दुकानात ‘काळीज द्या’ म्हटलं की तराजूत यकृत पडतं. हृदय हवं असेल तर ‘दिल’ म्हणून वेगळं मागावं लागतं, आणि वरची नळी छाटू नका असं बजावून सांगावं लागतं. मुलीला बारावीला जीवशास्त्र आहे, म्हणून एका रविवारी बोकडाचं असं नळीसकट हृदय मी घरी आणलं. खालच्या टोकाला छेद दिला, साकळलेलं रक्त नळाखाली धुऊन काढलं आणि महारोहिणीच्या तोंडातून पाण्याची बारीक धार सोडली. खाली भोक होतं, तेव्हा पाणी तिथून गळायला हवं होतं. गळलं नाही. नळीतच वर चढत आलं आणि थांबलं.

आत डोकावून पाहिलं तर तीन खिसे पाण्याने फुगून एकमेकांना घट्ट टेकले होते. ही महारोहिणीची झडप. तिला ना बिजागरी, ना स्वतःची हालचाल. ओल्या मलमलीसारखा पातळ पडदा, आणि माघारी फिरणारं रक्तच तो मिटवून टाकतं. डॉक्टर स्टेथोस्कोपने जे ‘लब-डब’ ऐकतात त्यातला ‘डब’ म्हणजे ही झडप आणि फुप्फुसाकडच्या वाटेवरची तिची बहीण, या दोघी मिटल्याचा आवाज.

“बाबा, पाणी उतरतंय,” मुलगी म्हणाली. खरंच उतरत होतं, पण झडपेतून नव्हे. फुगलेल्या खिशांच्या मागे, महारोहिणीच्या भिंतीत दोन बारीक छिद्रं होती. त्यातल्या एकात उदबत्तीची काडी घातली, तर ती हृदयाच्या अंगावरच्या पांढऱ्या चरबीखालून सरकताना वरून दिसू लागली. या हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्या, ज्यांच्यातल्या ‘ब्लॉकेज’विषयी आपण दवाखान्यात ऐकतो त्याच. हृदयातून दर मिनिटाला पाचेक लिटर रक्त जातं, पण त्याची जाड भिंत आत भरलेल्या रक्तावर पोसली जात नाही. तिलाही इतर अवयवांसारखं या नळ्यांतूनच घ्यावं लागतं.

आणि ते कधी मिळतं? डावा खालचा कप्पा आवळतो तेव्हा त्याच्या भिंतीतल्या बारीक वाहिन्या स्नायूच्या मुठीत चेपल्या जातात. त्या क्षणी साऱ्या शरीराला रक्त पोचतं, फक्त हा कप्पा जवळजवळ उपाशी असतो. मग तो सैल पडतो, झडप मिटते, माघारी दाटलेलं रक्त त्या दोन छिद्रांतून आत शिरतं आणि स्नायूला घास मिळतो. घरातल्या सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवायला बसणाऱ्या बाईची मला इथे हटकून आठवण होते.

हृदय अविश्रांत काम करतं, असं आपण भाषणांतून ऐकतो. मला ते पटत नाही. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात. त्यातले साधारण ०.३ सेकंद खालचे कप्पे आवळतात आणि ०.५ सेकंद सैल असतात. हिशोब केला तर २४ तासांतले १५ तास विसाव्याचे होतात. या विसाव्यातच कप्पे भरतात आणि स्नायू जेवतो. जिना चढताना नाडी वाढते तेव्हा काटछाट होते ती मुख्यतः या विसाव्यातच.

या झडपेवर पहिलं बारकाईचं काम केलं ते एका चित्रकाराने. १५१३ च्या सुमारास लिओनार्दो दा विंची यांनी बैलाच्या हृदयात वितळलेलं मेण ओतून साचा काढला, त्यावरून काचेची नळी घडवण्याचं योजलं आणि पाण्यात गवताचं बी सोडून प्रवाह पाहिला. खिशांच्या मागे पाणी भोवरे घेतं आणि ते भोवरे पडदे मिटायला मदत करतात, हे त्यांनी चित्रासह टिपून ठेवलं. त्या वह्या वैद्यांच्या हाती तेव्हा पडल्याच नाहीत.

रक्त फिरतं, ही गोष्टसुद्धा उशिरा कळली. यकृत अन्नापासून रक्त बनवतं आणि अवयव ते संपवून टाकतात, ही प्राचीन वैद्य गेलनची शिकवण युरोपात हजारभर वर्षांहून अधिक काळ चालली. तिला धक्का दिला तो साध्या गुणाकाराने. एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडतं याचा विल्यम हार्वे यांनी फार कमी, अगदी हात राखून अंदाज धरला. तरीही अर्ध्या तासात अंगातल्या एकूण रक्तापेक्षा जास्त रक्त बाहेर पडायला हवं, असं उत्तर आलं. इतकं रक्त खाल्लेल्या अन्नातून बनणार कसं? म्हणजे तेच ते परत येत असणार. १६२८ साली त्यांनी हे छापलं. आजच्या आकड्यांनी, ठोक्याला ७० मिली म्हणजे एक कटिंग चहा धरला, तरी दिवसाचे सात हजार लिटर होतात. गच्चीवरच्या हजार लिटरच्या सात टाक्या, आणि फिरणारं रक्त मात्र पाचच लिटर. रोहिणीतून नीलेत रक्त जातं कुठून, ते हार्वे यांना दिसलं नाही. त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, माल्पिगी यांना बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या दिसल्या.

ठोक्याची पहिली ठिणगी कुठे पडते, ते कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९०६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या केंट परगण्यात आर्थर कीथ सायकलवर फेरफटका मारून घरी आले, तर मार्टिन फ्लॅक हा त्यांचा वैद्यकीचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकापाशी त्यांची वाट पाहत होता. चिचुंदरीसारख्या बिळात राहणाऱ्या एका छोट्या प्राण्याच्या, मोलच्या हृदयात, उजव्या वरच्या कप्प्याला मोठी नीला मिळते तिथे, त्याला वेगळ्याच पेशींचा पुंजका दिसला होता. तीच आपली नैसर्गिक पेसमेकर गाठ. तिथून निघालेली विजेची लहर खालच्या कप्प्यांत जाण्याआधी वाटेतल्या दुसऱ्या गाठीत सुमारे एक दशांश सेकंद रेंगाळते. ती रेंगाळते म्हणूनच वरच्या कप्प्यांना आपलं रक्त खाली रिकामं करायला सवड मिळते. या यंत्राच्या रचनेत थांबणं असं जागोजाग पेरलेलं आहे.

काळजाचा ठोका चुकतो म्हणतात, तेव्हाही बहुधा ठोका चुकलेला नसतो. एक ठोका वेळेआधी, कप्पा पुरता भरण्याआधीच पडतो, म्हणून मनगटाला जाणवत नाही. त्यानंतर लांबलेल्या विसाव्यात कप्पा तट्ट भरतो आणि पुढचा ठोका छातीत धपकन लागतो. स्नायू जितका ताणला जाईल तितक्या जोराने आवळतो.

हे सगळं मला पुस्तकांच्या कितीतरी आधी आत्याने दाखवलं होतं. लहानपणी तिचा घसा वरचेवर सुजायचा, मग ताप यायचा आणि सांधे धरायचे. तो संधिवाताचा ताप. सांधे बरे झाले, पण डावीकडचा वरचा आणि खालचा कप्पा जोडणारी झडप जाड होऊन अर्धवट चिकटली. अरुंद दारातून कप्पा भरायला जास्त वेळ लागतो आणि नाडी वाढली की नेमका तोच वेळ मिळत नाही. रक्त मागे फुप्फुसात तुंबतं आणि दम लागतो. डॉक्टर तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावून जी घरघर ऐकत, ती दोन ठोक्यांच्या मधे, जिथे शांतता असायला हवी तिथे असे. नाडी मंद ठेवायची गोळी चालू झाली तेव्हा घरात सगळ्यांना कोडं पडलं, आधीच दमलेल्या हृदयाचा वेग कमी करायचा? पण त्या गोळीने तिच्या कप्प्याला भरायला सवड मिळाली.

पुढे तिची झडप फुग्याने उघडली. ही रीत जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८४ मध्ये जगापुढे मांडली. जांघेतल्या नीलेतून नळी उजव्या वरच्या कप्प्यात न्यायची, मधला पडदा टोचून डावीकडे जायचं आणि चिकटलेल्या झडपेत फुगा फुगवायचा. छाती उघडावी लागत नाही.

त्या वर्षी गणपतीला आत्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला धरून थांबली, दोन बोटं मनगटावर ठेवून.

“दम लागला का गं?” मी वरून विचारलं.

“नाही रे,” ती म्हणाली, “मोजतेय नुसती,” आणि बासष्टपर्यंत मोजून वर आली.